पडद्यावरच्या मोटारींवरून मुंबईचा काळ कसा ओळखावा

साधारण १९५० ते १९८५ या काळात मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या हिंदी आणि मराठी चित्रपटांत कथेच्या पाठीमागे शहराचीही नोंद होत गेली आहे. नायक-नायिका मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभे राहून बोलत असतात, आणि त्यांच्या मागून जाणाऱ्या मोटारी, टॅक्सी आणि बसगाड्या त्या दिवशीचा रस्ता जसाच्या तसा आपल्या हाती देतात. मोटारींची, सिनेमाची आणि इतिहासाची आवड एकत्र असणाऱ्या माणसाला यासारखा दुसरा छंद नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याला डॉज आणि डिसोटो यांतला फरक ठाऊक नाही, पण तो शिकण्याची इच्छा आहे.

सुरुवातीलाच एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पडद्यावर दिसलेली मोटार "हे दृश्य याआधीचे नाही" एवढेच खात्रीने सांगते. "यानंतरचे नाही" हे ती कधीच सांगत नाही. १९४८ सालची गाडी १९६८ मध्येही रस्त्यावर धावू शकते, पण १९६४ मध्ये बाजारात आलेली गाडी १९६३ च्या दृश्यात असूच शकत नाही. त्यामुळे एखाद्या दृश्यात दहा मोटारी दिसत असतील, तर त्यांतील सर्वांत नवी मोटार शोधायची असते. नवशिके नेमके उलट करतात: सर्वांत जुनी आणि देखणी गाडी पाहून हरखतात आणि तिच्यावरून साल ठरवून मोकळे होतात.

शिकायला मुंबईच का निवडावी, यालाही कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजोडणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डिसोटो या क्रायस्लर समूहाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्रांकडे जीपची जोडणी सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या आरंभी शहरात अमेरिकी, ब्रिटिश आणि इटालियन गाड्यांची मोठी गर्दी होती. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण घेतले, की ज्या कंपन्यांकडे सुटे भाग येथेच बनवण्याची योजना नाही त्यांनी केवळ जोडणीचा व्यवसाय चालू ठेवू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर येथून काढता पाय घेतला. उरलेल्या दोन-तीन कारखान्यांची मोजकी मॉडेल्सच मग तीस वर्षे रस्त्यावर राहिली. म्हणजे ओळखायची नावे थोडी आहेत, हे आपले भाग्य. पण एकच बॉडी दशकानुदशके विकली गेली असल्यामुळे खरी परीक्षा बारीक तपशिलांत होते.

चित्रपट पाहायला बसण्यापूर्वी

शक्य तितकी स्वच्छ प्रत मिळवावी. कडा कापून रुंद पडद्यात बसवलेल्या प्रतींत रस्त्याचा खालचा भाग, म्हणजे नेमके बंपर आणि चाके, अनेकदा गायब होतात, आणि मागाहून रंग चढवलेल्या कृष्णधवल प्रतींतील रंगांवर तर कधीच विसंबू नये. चित्रपट सुरू होण्याआधी दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र बहुतेक जण पुढे ढकलतात. आपण तेथे थांबायचे. त्यावरील तारीख ही आपली वरची मर्यादा असते, कारण चित्रीकरण त्याआधी संपलेले असणार. त्या तारखेच्या किती आधी चित्रीकरण झाले, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. 'पाकीजा' १९७२ मध्ये प्रदर्शित झाला, पण त्याचे काम १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. इतका लांबलेला चित्रपट विरळा असला, तरी दोन-तीन वर्षांचा विलंब अगदी नेहमीचा आहे. म्हणून प्रदर्शनाचे वर्ष म्हणजेच दृश्याचे वर्ष, असे गृहीत धरू नये.

वहीत प्रत्येक दृश्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात: चित्रपटातील वेळ, ओळखू आलेली जागा, दिसलेली वाहने, आणि प्रत्येक वाहन कशावरून ओळखले ते. चौथी गोष्ट लिहिण्याचा कंटाळा सर्वांना येतो, आणि पुढे चूक निघाली की सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

आधी पार्श्वभूमी, मग नायकाची गाडी

नायकाची मोटार कॅमेऱ्यासमोर आणून उभी केलेली असते. ती निर्मात्याची स्वतःची असेल, कोणाकडून मागून आणलेली असेल किंवा श्रीमंती दाखवण्यासाठी मुद्दाम निवडलेली असेल. त्या काळी परदेशी गाडी मिळण्याचा एक मार्ग म्हणजे वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या. त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यामुळे पडद्यावर झळकणारी इंपाला पडद्याबाहेर पाच-सहा वर्षांची जुनी असू शकते. कधी याच्या उलटही घडते आणि अगदी नवे वाहन आवर्जून दाखवले जाते. १९७३ च्या 'बॉबी'त नायकाला दिलेली राजदूत जीटीएस ही छोटी मोटरसायकल पुढे लोकांच्या तोंडी 'बॉबी' याच नावाने राहिली.

रस्त्याच्या कडेला उभी असलेली धुळीने माखलेली फियाट मात्र कोणी तेथे आणून ठेवलेली नसते. ती तिच्या मालकाने सकाळी लावली आणि तो कामाला गेला. म्हणून दृश्य पहिल्यांदा पाहताना नायकाच्या गाडीकडे पाहूच नये, चौकटीच्या कडांकडे पाहावे.

परदेशी गाड्या: वर्ष सांगणारा अमेरिकी कारखाना

अमेरिकी कंपन्या जवळजवळ दर वर्षी गाडीचे रूप बदलत, त्यामुळे अमेरिकी गाडी नीट दिसली तर थेट तिच्या मॉडेलच्या सालापर्यंत पोहोचता येते. सुरुवातीला मात्र साल शोधण्याच्या मागे न लागता युग ओळखायला शिकावे.

बॉडीपासून सुटे, फुगीर मडगार्ड आणि दरवाजाखाली लांब फूटबोर्ड दिसले, तर गाडी युद्धापूर्वीच्या घडणीची समजावी. यात एक अडचण आहे. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ या काळात बहुतेक कंपन्यांनी १९४२ चेच साचे किरकोळ बदल करून पुन्हा वापरले. त्यामुळे 'युद्धापूर्वीची' वाटणारी गाडी प्रत्यक्षात १९४७ ची असू शकते. मडगार्ड बॉडीत मिसळून गेलेली, सपाट कुशीची गाडी साधारण १९४९ पासूनची मानावी. पुढच्या काचेच्या मधोमध उभी पट्टी असेल, तर ती बहुधा १९५२-५३ पर्यंतची असते. पुढची काच दोन्ही बाजूंना वळून दरवाजापर्यंत आली असेल, तर ती १९५४-५५ नंतरची होय. हेडलाइट दोनाऐवजी चार झाले, की आपण १९५७-५८ च्या पुढे आलो. एवढे चार टप्पे डोळ्यांत बसले, की कृष्णधवल गर्दीतली निम्मी कोडी सुटतात.

त्यानंतर टेललाइटकडे वळावे, कारण पाठमोरी गाडी पुढून दिसणाऱ्या गाडीपेक्षा अधिक बोलते. शेवरोले इंपालाचे उदाहरण घेऊ. १९५८ मध्ये तिला प्रत्येक बाजूस तीन गोल दिवे होते. १९५९ च्या गाडीचे पंख वटवाघळासारखे आडवे पसरलेले आहेत आणि त्यांच्याखाली थेंबाच्या आकाराचा एकेक मोठा दिवा आहे. १९६० मध्ये पंख आवरते झाले आणि तीन गोल दिवे परत आले. ज्याला १९५९ ची इंपाला मागून ओळखता येत नाही, त्याने हा एकच आकार आधी घोटून घ्यावा. एकदा पाहिला की तो विसरता येत नाही.

डॉज, प्लिमथ आणि डिसोटो यांच्या बाबतीत मात्र फार ताणू नये. एकाच समूहाच्या या गाड्यांत पुष्कळदा एकच बॉडी असे आणि फरक केवळ जाळीत, पट्ट्यांत व नावाच्या अक्षरांत असे. लांबून दिसणाऱ्या गाडीपुढे "क्रायस्लर समूह, १९५० च्या दशकाचा पूर्वार्ध" एवढे लिहिणे हे अज्ञान नव्हे, तीच अचूक नोंद आहे.

जीपच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात. युद्धकाळातील लष्करी जीपला ९ फटी होत्या आणि १९४५ पासून आलेल्या नागरी सीजे प्रकाराला ७. पोलिसांच्या पाठलागात जीप हमखास असते, त्यामुळे ही मोजणी वारंवार उपयोगी पडते.

देशी गाड्या: येथे घाई करू नये

मुंबईचा खरा अभ्यास फियाटपासून सुरू होतो. १९५४ च्या सुमारास आलेली गोलसर पाठीची फियाट अकराशे आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली, आणि हे नाव प्रेमानेच घेतले जात असे. तिच्या पुढच्या दरवाजाच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, त्यामुळे तो दरवाजा उलटा उघडे. दृश्यात कोणी गाडीतून उतरत असेल, तर दरवाजा कोणत्या बाजूने उघडतो हे आवर्जून पाहावे. अंधूक प्रतीतही ही खूण दिसते. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे येत गेली. १९६४ मध्ये सरळ रेषांची अकराशे डी आली, तिचे पुढचे दरवाजे नेहमीप्रमाणे उघडतात. हीच बॉडी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली, आणि २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईत इतकी रुजली, की शेवटच्या पद्मिनी टॅक्सींना शहराने निरोप दिला तो थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये.

यातून नवशिक्याने घ्यायचा धडा असा. पडद्यावर केवळ ती बॉडी दिसली तर "१९६४ किंवा नंतर" असेच लिहावे. मागच्या बाजूचे 'पद्मिनी' हे नाव वाचता आले, तरच "१९७४ किंवा नंतर" म्हणावे. कोणतीही काळीपिवळी फियाट दिसली की तिला पद्मिनी म्हणण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि या एका सवयीमुळे १९६० च्या दशकातील कितीतरी दृश्ये दहा वर्षे पुढे ढकलली जातात.

हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्यांत लँडमास्टर आणि अँबॅसिडर यांची गल्लत फार होते. लँडमास्टर ही १९५४ च्या सुमारास आलेली मॉरिस ऑक्सफर्डची दुसरी आवृत्ती, तर १९५७-५८ ची अँबॅसिडर तिसरी. दोघींची मधली बॉडी सारखीच आहे. लँडमास्टरचे बॉनेट गुळगुळीत आणि पाठ गोल असते. अँबॅसिडरच्या बॉनेटवर खोलगट रेषा असतात आणि मागच्या मडगार्डांना लहानसे पंख फुटलेले असतात. एका चित्रपटातील फ्लोरा फाउंटनजवळच्या दृश्याची नोंद मी अनेक वर्षे "१९५८ नंतर" अशी ठेवली होती, कारण पुढून अर्धवट दिसणारी गाडी मला अँबॅसिडर वाटली होती. पुढे अधिक स्वच्छ प्रतीत तीच गाडी वळताना मागून दिसली. पाठ गोल होती, पंख नव्हते. ती नोंद खोडावी लागली आणि तिच्या आधाराने ठरवलेल्या आणखी दोन दृश्यांचाही पुन्हा विचार करावा लागला. तेव्हापासून पाठ दिसेपर्यंत मी अँबॅसिडर हे नाव पेनने लिहीत नाही.

अँबॅसिडरच्या आवृत्त्या जाळीवरून ओळखाव्यात. १९६२-६३ च्या सुमारास आलेल्या मार्क टूची जाळी बारीक चौकटींची आहे, १९७५ च्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या व खाली गोल दिवे आहेत, आणि १९७९ च्या मार्क फोरला चौकोनी पार्किंग दिवे आहेत. येथे सावध राहायला हवे, कारण जुन्या अँबॅसिडरला नवी जाळी बसवणे कोणत्याही गॅरेजमध्ये सहज होत असे. म्हणून जाळीवरून आवृत्तीचा अंदाज करावा. गाडीचे वय किती हे तिच्यावरून ठरत नाही, मात्र ती जाळी बाजारात येण्याआधीचे हे दृश्य नव्हे, हे पक्के ठरते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासूनची. दोन दरवाजांची हेरल्ड पहिल्या वर्षांतली, चार दरवाजांची १९६८ नंतरची. आणि मारुती ८०० दिसली, तर प्रश्नच मिटला: पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी.

नंबर प्लेट

वाचता आली तर सोन्याहून पिवळे, पण एकटीवर भरवसा ठेवू नये. मुंबई राज्याच्या काळातील मुंबई पासिंगच्या गाड्यांवर साधारणपणे 'बीएम'ने सुरू होणारी तीन अक्षरे असतात, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या मालिका 'एम'ने सुरू होतात. 'एमएच' आणि त्यापुढे कार्यालयाचा आकडा ही आजची पद्धत १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यानंतरची आहे. नायकाच्या व खलनायकाच्या गाडीवरील पाटी चित्रीकरणापुरती रंगवलेली असू शकते. पार्श्वभूमीतील पाट्या खऱ्या असतात.

शहराची साक्ष

मोटार खालची मर्यादा देते, तर वरची मर्यादा बहुधा शहरातून नाहीशा झालेल्या गोष्टी देतात. या दोन साक्षी एकमेकींसमोर ठेवल्याशिवाय कोणतेही दृश्य पक्के होत नाही.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. म्हणजे खरी ट्राम चालताना दिसली, तर दृश्य त्यानंतरचे नाही. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसगाड्या १९६२ ते १९७१ एवढ्याच काळात होत्या, त्याही गोवालिया टँक ते माझगाव या पट्ट्यात, त्यामुळे ट्रॉलीबस दिसणे म्हणजे काळ आणि जागा दोन्ही एकदम सापडणे. काळा घोडा चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. गेटवेसमोरील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. ताजमहाल हॉटेलचा उंच मनोरा १९७० च्या दशकाच्या आरंभीचा, आणि नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत १९७४ ची. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला आकाश मोकळे दिसत असेल, तर ते पाहण्यासाठी क्षणभर थांबावे. ते दृश्य पुन्हा दिसणार नाही.

जागा ओळखण्यासाठी ऑटोरिक्षा फार उपयोगी. मूळ मुंबई बेटावर, म्हणजे माहीम आणि शीवच्या दक्षिणेला, रिक्षांना परवानगी नाही. रस्त्यावर रिक्षा धावत असेल तर चित्रीकरण उपनगरात झाले आहे, मग संवादात कोणी गिरगावचे नाव घेत असले तरी.

फसवणाऱ्या गोष्टी

गाडी चालवत गाणे म्हणण्याची त्या काळातील बहुतेक दृश्ये स्टुडिओत घेतली जात. गाडी जागच्या जागी हलवली जाई आणि मागच्या पडद्यावर आधीच चित्रित केलेला रस्ता दाखवला जाई. हा मागचा रस्ता दुसऱ्या वर्षीचा, दुसऱ्या शहराचाही असू शकतो, म्हणून आतली गाडी आणि मागचा रस्ता यांच्या नोंदी वेगवेगळ्या कराव्यात. मागची प्रतिमा किंचित धूसर असणे आणि प्रकाशाची दिशा न जुळणे या त्याच्या खुणा आहेत.

कधी दृश्य आरशातल्यासारखे उलटलेले असते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. पडद्यावर ती उजवीकडून जाताना दिसली, तर दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे उलटी आहेत का ते पाहावे. केवळ एकाच गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असेल, तर मात्र ती वकिलातीकडून आलेली परदेशी गाडी असण्याची शक्यता अधिक.

पाठलागाच्या दृश्यांवरून रस्त्यावर कोणत्या गाड्या किती होत्या याचा हिशेब करू नये. सॅन फ्रान्सिस्कोत चित्रित झालेल्या १९६८ च्या 'बुलिट'मधील प्रसिद्ध पाठलागात एकच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडताना दिसते, कारण एकच प्रसंग अनेक कोनांतून घेऊन जोडलेला आहे. आपल्या चित्रपटांतही तीच फियाट तीन वेळा ओलांडली जाते.

व्हिंटेज मोटारींच्या मेळाव्यांना जरूर जावे, मालकांशी आणि विशेषतः जुन्या मेकॅनिकांशी बोलावे, गाडीभोवती फिरून पाठ पाहावी. हे ज्ञान छायाचित्रातून येत नाही. एवढे लक्षात ठेवावे, की मेळाव्यातील गाडी दुरुस्त केलेली असते आणि तिच्यावर दुसऱ्या वर्षीचा बंपर किंवा दिवा बसलेला असू शकतो. तुलनेसाठी अधिक भरवशाचे साधन म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वार्तापट, कारण त्यांचे साल बहुधा ठाऊक असते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासूनचे आहे. तेथे चित्रपटांबरोबरच पोस्टर, स्थिरचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपलेल्या आहेत. आणि आपल्या घरातील लग्नाचे अल्बम विसरू नयेत. वरातीच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या काकांच्या छायाचित्रामागे अनेकदा तारीख लिहिलेली असते, आणि तारीख असलेल्या मोटारीइतकी मोलाची वस्तू या अभ्यासात दुसरी नाही.

एक दृश्य सोडवून पाहू

समजा, एका कृष्णधवल चित्रपटात एक टॅक्सी गेटवेकडून निघते आणि कॅमेरा तिच्यामागून काळा घोडा चौकापर्यंत जातो. गेटवेपाशी शिवाजी महाराजांचा पुतळा दिसतो: १९६१ किंवा नंतर. ताजचा मनोरा नाही: १९७० च्या दशकाआधी. टॅक्सी सरळ रेषांची फियाट आहे आणि प्रवासी उतरताना पुढचा दरवाजा नेहमीप्रमाणे उघडतो: अकराशे डी, म्हणजे १९६४ किंवा नंतर. चौकात घोड्यावरचा राजा अजून जागेवर आहे: १९६५ किंवा आधी. वाटेत एक १९५९ ची इंपाला उभी आहे. तिचे पंख सुंदर आहेत, पण या हिशेबात तिचा काहीच उपयोग नाही. आता प्रमाणपत्रावरची तारीख पाहावी. ती १९६६ ची असेल, तर सारे जुळते, आणि वहीत लिहायचे ते असे: "गेटवे ते काळा घोडा, १९६४-६५; आधार, अकराशे डी आणि एडवर्डचा पुतळा; दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी चित्रित झाली असे गृहीत धरले आहे." शेवटचे वाक्य गाळू नये, कारण उद्या कोणी दोन्ही तुकड्यांतील टॅक्सीचे नंबर वेगळे असल्याचे दाखवून दिले, तर नोंद नेमकी कोठे सोडवायची हे तेच सांगेल.